खाली घसरलेला फोटो

वेब डिझायनिंग शिकायला लागले तेव्हा सुरुवातीचे काही आठवडे मी स्पेसबार बडवण्यात घालवले. चित्र उजवीकडे सरकवायचं असेल तर त्याच्या डावीकडे मोकळ्या जागा भरायच्या, खाली न्यायचं असेल तर एंटर मारत सुटायचं, ही माझी पद्धत. माझ्या स्क्रीनवर पान छान दिसायचं. शेजारच्या मशीनवर उघडलं की सगळं विस्कटलेलं. मथळा एका कोपऱ्यात, चित्र भलतीकडे आणि मजकूर दोन्हींच्या मधून वाट काढत खाली गेलेला. आपलं काही चुकलंय असं मला अजिबात वाटत नसे. शेजारचं मशीन खराब आहे, एवढंच वाटे.

क्लास भिवंडीत होता, पहिल्या मजल्यावर. खाली लूमचा कारखाना. लूम चालू असले की आमची टेबलं थरथरायची आणि त्या जुन्या, पोट सुटलेल्या मॉनिटरवरच्या सरळ रेघासुद्धा थरथरतात की काय असं वाटायचं. शुक्रवारी लूम बंद असत. त्या दिवशी एकाएकी शांत व्हायचं, पण सरांना ओरडून शिकवायची सवय झालेली. ते त्या शांततेतही ओरडतच राहायचे आणि आम्ही माना खाली घालून हसायचो.

सरांचं सगळं टेबलावर चाले. म्हणजे पानाचे आडवे-उभे कप्पे पाडायचे आणि प्रत्येक वस्तू एकेका कप्प्यात कोंबायची. "सब को अपनी-अपनी खोली दे दो, कोई झगडा नहीं करेगा," असं ते म्हणायचे. कप्प्यात पुन्हा कप्पे, त्यांत पुन्हा कप्पे. दोन वस्तूंमध्ये अंतर हवं असेल तर डोळ्यांना न दिसणारं, ठिपक्याएवढं पारदर्शक चित्र ताणून मध्ये बसवायचं. ही लबाडी मला फार आवडली होती. पुढे इंटरनेटवर वाचताना कळलं की बाहेरच्या जगाने कप्पे सोडायला सुरुवात केली आहे. आता म्हणे प्रत्येक वस्तूची वेगळी चौकट करतात, तिला रुंदी देतात आणि चौकटी एकमेकींना लागून तरंगत ठेवतात. ओळीत जागा पुरली तर त्या बाजूबाजूला राहतात, नाही पुरली तर शेवटची मुकाट्याने खाली उतरते. सरांना विचारलं तर म्हणाले, "वो सब फॅशन है." मी फॅशनच्या बाजूने गेले. मला बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती, आणि सरांचं न ऐकायला तेवढं कारण पुरतं.

मी तशी कोरडी मुलगी. घरात कुणाचे डोळे भरून आले की मी पाणी आणायच्या निमित्ताने उठते. माणसं एकमेकांवर कशी रुसतात, का रुसतात, हे मला कधी नीट कळलं नाही. पण भिंतीवरचं कॅलेंडर जरासं तिरकं असलं की मला घास गोड लागत नाही. अशा माणसाने पानं आखायचंच काम करावं. ते मी अजूनही करते.

आमचं गाव कशेळीच्या अलीकडे, खाडीच्या अंगाला. मी लहान असताना तिथे भात व्हायचं. मी शाळेतून कॉलेजात जाईपर्यंत भाताच्या जागी गोडाऊन उभी राहिली आणि गावातली निम्मी माणसं शेती सोडून गोडाऊनची मालक झाली. आजोबांची जमीन बाबा आणि त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे मोठे काका, यांच्यात वाटली गेली. रस्त्याला लागलेली बाजू कुणी घ्यायची, यावरून दोघांचं फाटलं. थोरला म्हणून काकांनी ती मागितली. बाबा पंचांसमोर नाही म्हणाले. पंचांनी ती बाजू निम्मी-निम्मी करून दिली आणि दोघांची गोडाऊन एकमेकांना चिकटून उभी राहिली. जागा कमी मिळाल्याचं काकांना काही नव्हतं. धाकट्याने चार लोकांत तोंडावर नाही म्हटलं, हे त्यांना लागलं होतं. तेव्हापासून दोघं बोलत नव्हते. घरं समोरासमोर, मध्ये एकच अंगण, आणि ते अंगण ओलांडून कुणी कुणाकडे जात नव्हतं. आई आणि मोठी काकी वाळवण घालताना एकमेकींना नजरेने विचारायच्या तेवढंच. मी आणि माझी चुलत बहीण मात्र चोरून बोलायचो. आम्हाला कुणी मनाई केली नव्हती, पण उघड बोललो तर आपापल्या बापाशी बेइमानी झाल्यासारखं वाटायचं.

त्या वर्षी या चुलत बहिणीचं लग्न ठरलं. ती लहान असताना तिला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत सोडायचं काम बाबांकडे होतं. तिची सुपारी फुटली हे आम्हाला गावातून कळलं. बाबा ऐकून म्हणाले, "बरं झालं," आणि गोडाऊनवर निघून गेले. 

आमच्यात लग्नाचं आमंत्रण हे काही छापील कार्ड नव्हे. कार्ड कुणाच्याही हाती धाडता येतं, आणि तसं धाडलं तर त्याचा अर्थ एवढाच की तुम्हाला कळवलं. भाऊबंदांच्या घरी मुलीच्या बापाने स्वतः यायचं, हळदीकुंकवाच्या अक्षता ठेवायच्या, आणि तोंडाने "या" म्हणायचं. ते झालं नाही तर सख्खा चुलताही मांडवात पाय ठेवत नाही. बाबांना तेवढंच हवं होतं. थोरल्या भावाने स्वतः दारात यावं. ते तसं बोलले नाहीत, पण सण नाही की वार नाही, त्यांनी दाराची फुटकी पायरी गवंडी बोलावून नीट करून घेतली. आईने विचारलं तर म्हणाले, "कुनी पडला-बिडला तं?" इतकी वर्षं त्या पायरीवरून कुणी पडलं नव्हतं.

हे सगळं चालू असताना गावदेवीच्या देवळाचा जीर्णोद्धार निघाला. गावाने शहाणपणा करून काकांना अध्यक्ष केलं आणि बाबांना कार्याध्यक्ष. एकाला घेऊन दुसऱ्याला सोडलं असतं तर निम्मं गाव उठून गेलं असतं. मीटिंगमध्ये दोघं हातभर अंतरावर बसायचे आणि मध्ये खजिनदार. "अध्यक्षांना विचारा, कलस कवा आनायचा," असं बाबा खजिनदारांना म्हणायचे. ते ऐकून काका म्हणायचे, "कार्याध्यक्षांना सांगा, पुनवेला." खजिनदार बिचारे दोघांकडे आळीपाळीने मान वळवायचे. त्यांनी निरोप पुन्हा सांगायची काही गरज नव्हती, पण ते सांगायचे. काम तर चोख करायचं होतं.

त्याच सुमाराला पलीकडच्या गावाच्या देवळाची वेबसाईट झाली. मग आमच्या गावालाही ती हवी झाली. गावात हे काम शिकणारी मी एकटीच. खजिनदार क्लासच्या सुट्टीच्या दिवशी घरी आले आणि मला समजावून सांगू लागले. वर देवीचा फोटो. त्याखाली अध्यक्ष आणि कार्याध्यक्ष, बाजूबाजूला, सारख्या मापाचे. त्याखाली बाकीची कमिटी. त्याखाली शुभेच्छुक.

"दोघं एका वळीत पायजेत," ते म्हणाले. "एक सूत वर-खाली झाला न पोरी, तं देऊल ऱ्हाईल बाजूला. मी तुला आताच सांगून ठेवतो."

मला ते फार आवडलं. क्लासमध्ये कुणी इतकं अचूक काम सांगत नसे. सर म्हणायचे, "थोडा इधर, थोडा उधर, चलता है." इथे एक सूत चालणार नव्हतं.

पहिली अडचण अक्षरांची आली. माझ्या मशीनवर असलेला मराठी फाँट दुसरीकडे नसायचा आणि देवीच्या नावाच्या जागी चौकोन दिसायचे. मग मी नावं, पदं, मथळे सगळं चित्र करून चिकटवलं. दुसरी अडचण फोटोंची. बाबांचा फोटो घरात एकच होता, बँकेसाठी काढलेला. त्यात फोटोवाल्याने "जरा खाली बघा" म्हटलं असावं, कारण त्यांची मान किंचित झुकलेली होती. काकांचा फोटो मात्र कुठल्यातरी उद्घाटनातला, ताठ, फेटा बांधलेला. दोन्ही कापून एका मापाचे केले. ओळ सहाशे ठिपक्यांची, म्हणजे पिक्सेलांची, धरली, तीनशे काकांना, तीनशे बाबांना. दोन चौकटी, दोघी तरंगत्या, डावीकडे थोरला, उजवीकडे धाकटा. पहिल्याच फटक्यात बसल्या. मी खुर्चीत मागे टेकून बघत राहिले. भावांना एका ओळीत आणायला पंचांना दोन पावसाळे लागले होते, असं उगाच मनात आलं.

खजिनदारांना प्रिंट दाखवली. त्यांनी चष्मा वर केला, फूटपट्टी मागितली आणि खरंच मोजून बघितलं. मग म्हणाले, "सगला बरोबर हाय. पन अध्यक्षांचा फोटू जरा येगला दिसाया पायजे. बॅनरवर कशी सोनेरी चौकट असते अध्यक्षांना, तशी लाव गो. मापाला हात लावू नको."

बाबा तिथेच बसले होते. मी त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, "लाव ना. अध्यक्ष हाय तो."

मी काकांच्या फोटोच्या चौकटीला तीन ठिपके जाडीची सोनेरी रेघ चारी बाजूंनी दिली. पान पुन्हा उघडून बघितलं. काही हललं नाही. दोघं एका ओळीतच होते. तेव्हा आमच्याकडे आणि क्लासमध्येही एकच ब्राउझर होता, निळ्या अक्षराचा, जो मशीनबरोबरच यायचा. जगात दुसरा एखादा असेल आणि तो वेगळं काही बघेल, हे मी वाचलं होतं, पण मनावर घेतलं नव्हतं. शेजारचं मशीन खराब असतं, ही माझी समजूत अजून पुरती गेली नव्हती. पान क्लासमधून इंटरनेटवर चढवलं आणि आमच्याकडे नेट नव्हतं म्हणून त्याची प्रत घरी आणून बाबांना दाखवली.

ते चपला काढून कॉम्प्युटरसमोर बसले. देवीला हात जोडले. मग खाली आले आणि थांबले. दोन भाऊ शेजारी-शेजारी होते, मध्ये बोटभरही अंतर नाही. 

"हे त्याच्या घरी बी असंच दिसल?" त्यांनी विचारलं.

"हो. असंच."

"बरं हाय," म्हणाले, आणि चहा मागितला.

त्यानंतर गावात कार्डं फिरायला लागली. पहिलं कार्ड देवीपुढे ठेवलं गेलं. मग वरच्या आळीत, मग खालच्या आळीत. काका आणि काकी रोज संध्याकाळी बाहेर पडायचे, काकीच्या हातात अक्षतांची वाटी. आमच्या दारासमोरून त्यांना जावंच लागे. ते आले की बाबा पेपर वाचत बसायचे. सकाळचा पेपर संध्याकाळी वाचणारा माणूस किती वेळ वाचणार? पावलं पुढे निघून गेली की ते पेपराची घडी घालायचे. मला राग यायचा. कुणाचा ते सांगता येत नव्हतं. बाबांनी उठून जावं आणि दोन शब्द बोलून टाकावेत, एवढी साधी गोष्ट, असं मला वाटायचं. मी आईला तसं म्हटलंही. आई म्हणाली, "त्यांच्या जिभेला गाठ बसलीय. तुला न्हाय कळायचं." 

मग एका दुपारी चुलत बहिणीचा फोन आला. आवाज दबका.

"काय केलंस गं तू ते पानावर?"

"काय केलं?"

"पप्पा कालपासून गप्प बसलेत. माझ्या दादाने त्यांना वेबसाईट उघडून दाखवली. तू तुझ्या बाबांना पप्पांच्या पायाशी का बसवलंस?"

मला काही कळेना. ती म्हणाली, वरच्या ओळीत पप्पा एकटेच आहेत, आणि बाबांचा फोटो त्यांच्या बरोबर खाली आहे. शेजारची जागा रिकामी. मी म्हटलं, शक्य नाही. ती म्हणाली, मी डोळ्यांनी बघतेय. मग मी विचारलं, कॉम्प्युटर कुठला, ब्राउझर कुठला. तिला ब्राउझर हा शब्द माहीत नव्हता. "दादाने नवीन काहीतरी टाकलंय," ती म्हणाली, "कोल्ह्याचं चित्र असलेलं."

ज्या घरात एक सूतही वर-खाली व्हायला नको होतं, नेमकं त्याच घरात बाबा एक अख्खी ओळ खाली घसरले होते. काकांना काय वाटलं असेल याचा मी विचारच केला नाही, हे आज लिहिताना लक्षात येतं. मला फक्त पान दिसत होतं. मी पर्स उचलली आणि शेअर रिक्षाने भिवंडी गाठली. क्लासमध्ये सर दुसरा ब्राउझर टाकू देत नसत, पण नाक्यावरच्या सायबर कॅफेत कोल्हा होता.

पान उघडलं. बहीण बोलली ते खरं होतं. काका वर, सोनेरी चौकटीत, फेटा बांधलेले. त्यांच्या उजवीकडे पांढरी मोकळी जागा. आणि बाबा बरोबर त्यांच्या खाली, डाव्या कडेला, मान झुकवून. बँकेसाठी काढलेला तो फोटो तिथे अगदी पाया पडणाऱ्या माणसाचा वाटत होता. मुद्दाम करायला सांगितलं असतं तर मला इतकं बेमालूम जमलं नसतं.

मग मी कामाला लागले. अशा वेळी काय करायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं, सुचेल ते करत गेले. काकांच्या चौकटीला मागून हिरवा रंग दिला, बाबांच्या चौकटीला पिवळा, ओळीला लाल, म्हणजे कोण कुठवर पसरलंय ते दिसेल. पान हळदीच्या मांडवासारखं भडक झालं. मग एकेक वस्तू काढून बघायला लागले. नावं काढली, बाबा खालीच. पदं काढली, बाबा खालीच. फोटोच काढून टाकले, तरी पिवळी चौकट हिरवीच्या खाली बसून राहिली, हटायला तयार नाही. शेवटी सोनेरी रेघ काढली. पिवळी चौकट टुणकन वर उडाली आणि हिरवीच्या शेजारी जाऊन बसली.

सापडलं होतं. घरचा ब्राउझर काकांचे तीनशे ठिपके सोनेरी रेघेसकट मोजत होता. कोल्हा तीनशे आतून मोजत होता आणि रेघ वर वेगळी धरत होता. डावीकडे तीन, उजवीकडे तीन. काका सहा ठिपक्यांनी रुंद झाले होते, ओळीत धाकट्याला जागा पुरली नाही आणि तो खाली उतरला. मी काकांची आतली रुंदी सहाने कमी केली. कोल्ह्यात दोघं एका ओळीत आले. निळ्यात उघडलं तर तिथे काका आता सहा ठिपक्यांनी आखडले, पण ओळ तुटली नाही. तेवढं कुणाला दिसणार नव्हतं. मला दिसत होतं, पण मी ते सोडून दिलं.

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला जितका आनंद झाला तितका पुढे मोठमोठ्या कामांत झाला नाही. घरी काय चाललंय, लग्न कुणाचं, रुसलंय कोण, काही आठवत नव्हतं. एक गोष्ट तिच्या जागेवरून सरकली होती आणि ती का सरकली हे मला कळलं होतं.

पान चढवायला घेतलं आणि लाईट गेली. यूपीएस ओरडायला लागला. "मॅडम, बंद करो, अब शाम को आएगी," काउंटरवरचा म्हणाला. मी घाईने फाईल पेन ड्राइव्हवर घेतली आणि बाहेर पडले. उद्या सकाळी क्लासमधून चढवू, असा विचार केला.

घरी पोचले तर दाराच्या पायरीवर काकांच्या चपला होत्या.

मी तिथेच उभी राहिले. दार उघडंच होतं. काका खुर्चीत बसले होते, खांद्यावर टॉवेल, मांडीवर कार्डांची पिशवी. काकी आईजवळ. बाबा समोर पाटावर बसले होते. घरात दुसरी खुर्ची असूनही ते पाटावर का बसले होते, कोण जाणे. कदाचित काका आले तेव्हा घाईत जे हाताला लागलं ते त्यांनी ओढलं असेल.

"तू खाली कशाला बसलास रं?" काका म्हणाले.

बाबांनी पाटाकडे बघितलं.

"फोटूचं बोलतोय मी," काका म्हणाले. "पोरानं दाखवला मना. माज्या पायाशी तुजा फोटू. कमिटीत ठरला व्हता, दोघं एका वळीत. तूच पोरीला सांगून खाली करून घेतलास. न्हाय का?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना काही माहीत नव्हतं. त्यांनी पाहिलेल्या पानावर ते भावाच्या शेजारी होते. मी तोंड उघडलं. कारण माझ्याकडे तयार होतं, अगदी ठिपक्यांच्या हिशेबासकट. बाबांनी डोळ्यांनी मला थांबवलं. इतक्या वर्षांत त्यांनी मला असं कधी थांबवलं नव्हतं.

"तू थोरला हायस," बाबा म्हणाले.

एवढंच. 'हो' नाही, की 'नाही' नाही. काकांनी टॉवेलने तोंड पुसलं. घाम आला होता असं नाही.

"येडा हायस," ते म्हणाले. "पैल्यापासून येडा हायस." मग पिशवीतून कार्ड काढलं. काकीने वाटी पुढे केली, त्यांनी त्यातल्या अक्षता कार्डावर ठेवल्या आणि कार्ड बाबांच्या हातात दिलं. "पोरीचा लगीन हाय. तुला यायचा हाय. मांडव तुलाच घालायचा हाय. मी येकटा न्हाय पुरा पडनार."

मी पाणी आणायला आत गेले.

ते गेल्यावर बाबा कार्ड हातात घेऊन बसले. मग मला हाक मारली. 

"काय दिसतं गो त्याच्याकडं?"

मी सगळं सांगितलं. ब्राउझर, रुंदी, रेघ. मला वाटलं होतं त्यांना कळणार नाही, पण ते गोडाऊन भाड्याने देणारे. त्यांना लगेच उमगलं.

"म्हंजे आपला भिंत धरून मोजतो," ते म्हणाले, "आनि त्याचा भिंत सोडून."

"तेच," मी म्हटलं. "पण दुरुस्त केलंय मी. उद्या सकाळी चढवते. मग त्यांच्याकडेही तुम्ही शेजारीच दिसाल."

"नको."

"अहो बाबा, पण ते चुकीचं आहे."

"असू दे."

"गावात बाकीच्यांकडे तुम्ही शेजारी दिसता. कुणी सांगितलं त्यांना तर?"

"गावात कॉम्प्युटर हायत किती?" बाबा म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "इतकी वर्सां मना तोंडानं जमला न्हाय ते. तुज्या मशीननं केला. आता पुसू नको." 

माझ्या आयुष्यात मी सापडलेली चूक कधी जागेवर ठेवली नव्हती. सहा ठिपके. चुकीचं आहे हे माहीत असून पान तसंच सोडायचं, या कल्पनेने मला अंगावर काहीतरी चढल्यासारखं होत होतं. आणि त्याच वेळी माझे डोळे भरून आले, आणि आता पाणी आणायला उठावं तर बाबांच्या समोरून जावं लागलं असतं. म्हणून मी तशीच बसून राहिले.

सकाळी मांडवाचे खड्डे खणायचे होते. बाबा पहार खांद्यावर घेऊन निघाले, नव्या पायरीवरून उतरले आणि अंगणाच्या मध्यापर्यंत गेले. समोरून काकांनी हाक मारली, "ये, ये, चा पी आधी." बाबा थांबले. मग मागे फिरून भराभर चालत परत दारापर्यंत आले आणि हळूच, काकांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात मला विचारलं,

"चढवला न्हायस ना?"